सात टाके डावीकडे, सात उजवीकडे

वेई सूयुन पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि एकोणीस वर्षांच्या बहिणीचं ओळखपत्र तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मी तेव्हा हुमेनमधल्या एका कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होतो.

"नाव?"

"वेई फंगज्याव."

"जन्म?"

तिने बहिणीची जन्मतारीख पाढा म्हणावा तशी म्हटली, आणि मधे श्वास घ्यायचा राहिला म्हणून शेवटी खोकली. कार्डावरच्या मुलीच्या हनुवटीवर तीळ होता. समोरच्या मुलीने त्या जागी शाईचा ठिपका दिला होता आणि घामाने तो पसरत चालला होता. मी रस्त्यापलीकडच्या लोंगानच्या झाडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "ठीक आहे. जा आत."

मला दया आली असं नाही. रांग लांब होती, ऊन वाढलं होतं, आणि आतून तीनदा निरोप आला होता की धागे कापायला पोरी कमी पडताहेत. पण त्या दिवसापासून तिचं गुपित माझ्याकडे राहिलं. आम्ही कधी त्याबद्दल बोललो नाही. सकाळी आत जाताना ती मान खाली घालायची आणि मी दुसरीकडे पाहायचो, एवढंच.

त्यानंतर सतरा वर्षं ती फंगज्याव होती. धागे कापण्यावरून बाहीवर गेली, बाहीवरून कॉलरवर, आणि सहाव्या वर्षी सॅम्पल रूममध्ये. तिथे पहिला शर्ट शिवतात. तो बघून खाली दहा हजार शिवले जातात, म्हणजे पहिल्यात एक सूत चुकलं तर ते दहा हजार माणसांच्या गळ्याला टोचतं. तिचा हात कधी चुकला नाही. कटिंग मास्तर म्हणायचे, फंगज्यावने शिवलेली कॉलर उलटी केली तर कुठली बाजू खरी ते मला सांगता येत नाही. ती हसायची नाही. कौतुक झालं की लोक चेहऱ्याकडे बघतात, आणि चेहऱ्याकडे बघितलेलं तिला चालत नसे. भीती तिच्या अंगात बॉबिनसारखी होती. खाली, झाकणाआड, कुणाला न दिसणारी, पण वरचा प्रत्येक टाका त्याच दोऱ्यात अडकलेला.

मग मालकाने कारखाना कंबोडियाला नेला. मशिनं खोक्यांत गेली, माणसं फाटकाबाहेर राहिली. मलाही काढलं. मी मजूर पुरवणाऱ्या एका कचेरीत लागलो. तळमजल्यावर एक टेबल, ओळखपत्र वाचणारी डबी आणि संगणक. कारखाने मागणी कळवतात, मी जाहिरात लिहितो, अर्ज येतात, संगणकातला चाळणीचा प्रोग्रॅम त्यांना लाल किंवा हिरवं करतो. लाल म्हणजे नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी रोज इतरांना वयावरून लाल होताना बघतो. हे टेबल गेलं तर माझ्याच लिहिलेल्या एकाही जाहिरातीत मी बसत नाही, हे मला पाठ आहे.

मार्च महिन्यात ती आली. त्या दिवसांत आमच्याकडे भिंतींना घाम येतो, फरशी ओली होते, कागद हातात मऊ पडतो. ती टेबलासमोरच्या लाल स्टुलावर बसली आणि भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट केलं.

"पांगदादा, ही जागा अजून आहे?"

ती दुसऱ्या एका कारखान्यातली सॅम्पल टेलरची जागा होती. पाच महिने रिकामी होती. मी स्वतःच लिहिली होती: वय पस्तिशीच्या आत. तंत्रविद्यालयाची पदविका. शिवणकामाचा पंधरा वर्षांचा अनुभव, कामगार विम्याच्या नोंदीसह. संगणकावर चालणाऱ्या नव्या मशीनवर आठ वर्षांचा अनुभव.

त्या कारखान्यात ते मशीन आलं त्याला तीन वर्षं झाली होती. मशीन बनवणाऱ्यांनी ते बाजारात आणलं त्याला चार. हे मी तिथल्या मालकाच्या मेहुण्याला सांगितलं होतं. भरती तोच बघतो. तो म्हणाला, "पांग, बाजारात कोबी घेताना काय करतोस? कमी भावाने सुरुवात करतोस ना? तसंच हे. आठ मागितले तर पाच तरी मिळतील." पण प्रोग्रॅमला घासाघीस कळत नाही. त्याला आठ म्हणजे आठ. पाच महिन्यांत दोनशे अकरा अर्ज आले आणि दोनशे अकरा लाल झाले.

"आहे," मी म्हटलं. "पण वय?"

"फंगज्यावचं छत्तीस."

"आणि तिथल्या फाटकावर चेहरा बघणारा कॅमेरा आहे. कार्डावरचा फोटो आणि तू, दोन्ही जुळवतो. शाईच्या ठिपक्याने भागायचं नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्दांत आलं. ती एकदम मागे बघू लागली, कुणी ऐकलं का म्हणून. मागे फक्त पंखा होता.

"तुझं खरं नाव काय?" मी विचारलं.

तिने ओठ हलवले, पण आवाज आला नाही. मग टेबलावरच्या ओल्या काचेवर बोटाने लिहिलं. सूयुन. वय बत्तीस. शिक्षण नववी अर्धी. अनुभव काही नाही. विम्याच्या नोंदीत एक दिवसही नाही.

म्हणजे जिच्याकडे अनुभव होता तिचं वय गेलं होतं, आणि जिच्याकडे वय होतं तिने कधी सुई धरली नव्हती.

"मला माझ्याच नावाचा कागद हवाय, दादा," ती म्हणाली. "एप्रिलच्या आत." तिची मुलगी निंगनिंग सहावीत होती. आजवर ती बाहेरगावच्यांच्या खाजगी शाळेत होती, तिथे कुणी काही विचारत नसे. सप्टेंबरपासून मोठ्या शाळेत जायचं तर आईचा किंवा बापाचा कामाचा करार लागतो, नावानिशी. बाप दूर उत्तरेला बोगद्याच्या कामावर होता, त्या कामाला कागदच नव्हता. करार नसला तर मुलीने गावी जायचं, डोंगरात, आजीकडे.

"गावी काय वाईट आहे?" मी उगाच म्हटलं.

"मी पंधराची होते तेव्हा गावीच होते," ती म्हणाली. "मग बघ मी कुठे आले ते."

तिने माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला. खरी फंगज्याव गावी कोंबड्या पाळते. मागे त्यांचा कलकलाट चालू होता. सगळं ऐकून ती मोठ्याने हसली.

"पंधरा वर्षांचा अनुभव माझ्या नावावर आहे ना? मग मीच येते की नोकरीला. सुई ओवता येत नाही, एवढंच."

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? माझ्या नावावर तू म्हातारी झालीस आणि मी इथे तरुण बसलेय. ऐक, पोरीला इकडे पाठवू नकोस. इथे शाळेत एक मास्तर आणि तीन बकऱ्या उरल्यात."

फोन ठेवल्यावर मी तिला उपाय सांगितला, आणि तो सांगताना मला स्वतःचीच भीती वाटली. त्याच कारखान्यात दर आठवड्याला कच्च्या कामगारांची भरती व्हायची. काहीच न येणाऱ्या. त्यांना येणारे नकोच असतात. येणारा माणूस हंगाम संपला की दुसरीकडे उडतो. त्याहून वाईट म्हणजे बाजारातले दुकानदार कच्च्याच्या नावाखाली आपला माणूस आत घुसवतात आणि नवे नमुने चोरून नेतात. म्हणून चाचणी असते. कागदावर रेघा छापलेल्या, बिनदोऱ्याचं मशीन, रेघेवरून सुई चालवायची. नुसती भोकं पडतात. कच्च्या हाताची भोकं भरकटतात. ज्याची फारच सरळ आली त्याला, अनुभवाचा कागद नसेल तर, चोर म्हणून फाटकाबाहेर काढतात.

"वाकडं शिवता येईल?" मी विचारलं.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

आठ दिवस तिने भाड्याच्या खोलीत जुन्या मशीनवर वाकडं शिवायचा सराव केला. दुपारी मी एकदा जेवायला गेलो तेव्हा खाली कागदांचा ढीग होता. सगळे सरळ. "डोळे मिटले तरी सरळच जातं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "डाव्या हाताने केलं, तरी. हात ऐकतच नाही माझं." आंबवलेल्या बांबूच्या शेवया वाडग्यात गार झाल्या होत्या. निंगनिंग शाळेत होती. मी वाडगा तिच्याकडे सरकवला.

चाचणीच्या दिवशी सहा बायकांना मी घेऊन गेलो. भरतीच्या खोलीत आधी बाह्या वर करून दाखवायच्या, गोंदण नाही ना म्हणून. मग इंग्रजीची सव्वीस अक्षरं म्हणायची. सुईखाली कापड सरकवायला त्या अक्षरांचा काय उपयोग ते मी सतरा वर्षांत कुणाला विचारलेलं नाही. एक बाई 'क्यू' ह्या अक्षरापाशी अडकली आणि रडू लागली. तिला बाजूला उभं केलं.

"वेई सूयुन," मी यादीतून वाचलं.

कुणी पुढे आलं नाही.

"वेई सूयुन!"

ती तिसऱ्या नंबरवर उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाची वाट बघावी तशी. माझ्या पाठीवरून घाम उतरला. तिसऱ्यांदा मी जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली. "मी. मीच ती."

"झोपलीस काय?" टेबलापलीकडून श्यानबाई म्हणाल्या. श्यानबाई मजल्याच्या मुकादम. इथल्याच, हुमेनच्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या नजरेतून टाका सुटला असं कधी ऐकलं नाही.

पाचजणी मशीनवर बसल्या. पाच मिनिटं नुसती भोकं पडण्याचा आवाज. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि शर्टाची पाठ भिंतीच्या घामाने भिजत होती. श्यानबाईंनी कागद गोळा केले आणि एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. पहिला भरकटलेला. दुसरा मधेच फाटलेला. तिसरा त्यांनी धरला आणि खाली घेतलाच नाही.

मला बघूनच कळलं की तिला वाकडं जमलंय. रेघेवरून भोकं डावीकडे जात होती, परत येत होती, उजवीकडे जात होती. मी श्वास सोडला.

"ही कोणाची?" श्यानबाई.

"माझी, बाई."

"आधी कधी मशीनवर बसलीस?"

"नाही बाई. गावी आईचं पायमशीन होतं. त्याच्यावर उशी-बिशी."

"उशी-बिशी," श्यानबाई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे दिला. "पांग, मोज."

मी मोजलं. सात टाके डावीकडे. सात उजवीकडे. पुन्हा सात डावीकडे. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखं. उजेडात धरल्यावर ते एखाद्या महागड्या झग्याच्या किनारीसारखं दिसत होतं.

"ज्याला येत नाही तो दर वेळी वेगळा चुकतो," श्यानबाई म्हणाल्या. "हिची चूक शिकलेली आहे. बाकीच्या बाहेर जा. पांग, दार लाव."

मी दार लावून कडी घातली. चोर ठरली तर पोलिस येणार, कार्ड तपासणार, मग बहिणीचं नाव, मग सतरा वर्षं, आणि तिला रांगेत आणणारा मी.

"कुठल्या दुकानाने पाठवलं?"

"कुणी नाही, बाई."

"खोटं बोलशील तर इथूनच फोन करते."

सूयुन उभी होती. एका हाताने दुसऱ्या हाताची बाही खाली ओढत होती. ती म्हणाली, "मुलीच्या शाळेला कागद हवाय. एप्रिलच्या आत. माझ्या नावाचा." एवढंच, आणि पुन्हा तेच. तिला दुसरं वाक्यच आठवत नव्हतं.

श्यानबाईंनी खण उघडला, कापलेल्या कॉलरचे तुकडे काढले आणि मशीनवर फेकले. "लाव."

सूयुनने दोरा ओवला. मशीन सुरू झाल्यावर मात्र खोलीत आम्ही आहोत हे ती विसरली. कॉलर झाली तेव्हा श्यानबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, टोकं नखाने दाबून पाहिली.

"सॅम्पलला किती वर्षं?"

"अकरा."

"कुणाच्या नावाने?"

"बहिणीच्या."

श्यानबाईंनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळल्या. "आणि ह्या गाढवाच्या अटींच्या यादीपायी माझी सॅम्पल रूम पाच महिने रिकामी. आठ वर्षांचा अनुभव! मशीन आणलं त्याला तीन वर्षं झाली. आईच्या पोटात चालवलं असेल तर गोष्ट वेगळी."

"आकडे मेहुण्यांचे आहेत, बाई."

"अक्षर तुझं आहे ना?"

मग त्यांनी सूयुनला सांगितलं. कागदावर ती धागे कापणारी, कच्ची. पगार कच्चीचा. बसायचं सॅम्पल रूममध्ये, पडद्यामागे. साहेब आले की मशीन सोडून कात्री हातात घ्यायची. करार तिच्याच नावाचा. "आणि एक ऐकून ठेव. ज्या दिवशी त्या यादीत बसणारा माणूस मिळेल, त्या दिवशी तू जायचं. मग मला तू नुसता धोका. समजलं?"

"समजलं, बाई."

एप्रिलच्या बावीस तारखेला तिने करार शाळेत दिला. सप्टेंबरमध्ये निंगनिंग मोठ्या शाळेत गेली. पण शाळा दर वर्षी करार मागते, आणि शाळा तीन वर्षांची आहे.

तेव्हापासून सोमवार आमच्या वाट्याला आला. सोमवारी मी रिकाम्या जागांच्या जाहिराती पुन्हा टाकतो, आणि सोमवारी दुपारी ती समोरच्या शेवयांच्या दुकानात माझ्याआधी येऊन बसलेली असते. स्टुलाच्या टोकावर, पाठ दाराकडे करून.

"आला का कुणी?"

"नाही. सगळे लाल."

मग ती खायला सुरुवात करते. त्याआधी नाही.

तिसऱ्या सोमवारी मी आठ वर्षांची नऊ केली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पदविकेच्या जागी पदवी. मग डावखुरा नसावा. मग रेशीम आणि कातडं दोन्हींचा अनुभव. मेहुणा खूश होता. "वा पांग, आपला दर्जा वाढतोय." मी ज्या यादीची लाज बाळगत होतो तिची आता दर सोमवारी कुंपणासारखी डागडुजी करत होतो. आठवड्याला वीस-पंचवीस अर्ज यायचे. लाल होणाऱ्यांतल्या कित्येकांना काम येत असणार. मी ते अर्ज उघडणं बंद केलं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी एक ओळ हिरवी झाली.

आधी वाटलं पडद्यात बिघाड आहे. मी चष्मा पुसला. हिरवीच. ज्यांगशीचा माणूस, वय चौतीस, आडनाव 'तू'. पदवी. सॅम्पलचा सोळा वर्षांचा अनुभव. रेशीम, कातडं. त्या मशीनवर नऊ वर्षं. मशीन जन्मायच्या आधीपासून. म्हणजे खोटं. त्याने जाहिरात समोर ठेवून प्रत्येक रकाना तिच्या मापाने कापला होता. पण खोटं कोणतं आणि खरं कोणतं? सॅम्पलची पाच वर्षं खरी असतील तरी श्यानबाईंना तो पुरेसा होता.

मी फोटो मोठा केला. पांढरा शर्ट, कॉलरचं वरचं बटण लावलेलं, गळ्याला घट्ट. फाटकासमोर उभी राहिलेली माणसं असतात तसे डोळे. श्वास आत घेतलेला.

हिरवा अर्ज पुढे पाठवायला एक बटण दाबायचं असतं. नाकारायचा तर कारण निवडावं लागतं, त्याशिवाय खिडकी मिटत नाही. कारणांची यादी तयारच असते, चार ओळींची. वय जास्त. शिक्षण कमी. अनुभव कमी. प्रकृती अयोग्य. मी बराच वेळ त्या चार ओळींवर बाण फिरवत राहिलो. मेहुणा कधीतरी विचारेल की हिरवा एक आला होता, त्याचं काय झालं. तेव्हा माझ्याकडे ह्या चारांतली एक ओळ असेल आणि खाली माझं नाव असेल.

मी "अनुभव कमी" वर दाबलं.

दुपारी ती नेहमीच्या जागी होती. वाडगा समोर, जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या.

"आला का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

तिने काड्या उचलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. माणसांच्या चेहऱ्यांना भिण्यात जिचं आयुष्य गेलं तिला चेहरे वाचता येतात.

"खोटं बोलताना तू रस्त्यापलीकडे बघतोस, दादा. त्या दिवशी फाटकावर झाडाकडे बघितलं होतंस."

दुकानदारीण आमच्या टेबलावर फडकं मारून गेली.

"कसा होता?" तिने विचारलं.

"चांगला असावा."

"मुलंबाळं?"

"अर्जात तो रकाना नसतो."

तिने मान हलवली. मग खाऊ लागली, भराभर, वर न बघता, आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी वाडग्यात पडत होतं. तिखट फार होतं असं ती दुकानदारणीला म्हणाली. "तू नेहमीचंच तर मागवलंस की," दुकानदारीण म्हणाली.

एक वाजायच्या आधी आम्ही उठलो. फाटकापाशी तिने कॅमेऱ्यासमोर चेहरा वर केला. यंत्राने निळा चौकोन तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला आणि मोठ्याने म्हटलं, "वेई सूयुन."

फाटक उघडलं. ती लगेच आत गेली नाही. तिने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कुणी उभं आहे का ते.